अंबरनाथचं शिवमंदिर बांधलं कुणी? पांडवांनी, हेमाडपंतांनी की आणखी कुणी?

श्रावणी सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात दर्शनाच्या रांगेत उभं राहिलं की मंदिराचा अख्खा इतिहास फुकटात ऐकायला मिळतो. गेल्या श्रावणात माझ्या पुढे एक आजी आणि त्यांचा सातेक वर्षांचा नातू होता. पोरगा बराच वेळ मान वर करून बघत होता. मग म्हणाला, "आजी, याचं वरचं कुठेय?" आजी म्हणाल्या, "पांडवांनी एका रात्रीत बांधलं रे. उजाडलं आणि राहिलं तसंच." माझ्या मागच्या काकांना राहवेना. "अहो, पांडव कसले, हेमाडपंती आहे हे. बघा की, कुठे चुना दिसतोय का?" त्यांच्या शेजारच्या मुलाने मोबाईलमधून डोकं वर न काढता जाहीर केलं, "युनेस्कोच्या यादीत आहे."

रांग जेमतेम दहा पावलं सरकली होती आणि मंदिराची दोन वयं सांगून झाली होती. एक काही हजार वर्षांचं, दुसरं साडेसातशे वर्षांचं. दोन्ही सांगणाऱ्यांचा आवाज सारखाच ठाम. मजा म्हणजे आम्ही ज्या वास्तूला टेकून उभे होतो, तिच्याच एका दारावर तारीख कोरलेली आहे आणि ती या दोन्हींशी जुळत नाही.

परिसराच्या सुशोभीकरणामुळे हे मंदिर अधूनमधून बातम्यांत येतं. बातमी आली की व्हॉट्सअ‍ॅपवर "पाच हजार वर्षांपूर्वीचं मंदिर" फिरू लागतं. म्हणून एकदा नीट बघू: जुन्या देवळाचं वय काढतात कसं, आणि कुणी बांधलं हे ठरवतात कशावरून.

आधी डोळ्यांना दिसतं ते

अंबरनाथ पूर्वेला, वालधुनी नदीच्या काठी हे मंदिर आहे. काळा पाषाण, तोंड पश्चिमेला. पुढे मंडप, मागे गाभारा. वरून नकाशा पाहिला तर दोन चौकोन कोनाकोनाने एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात, मंडपाचा मोठा आणि गाभाऱ्याचा लहान. मंडपाला पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा तीन बाजूंनी दारं आहेत. आत मधोमध चार खांब आहेत आणि ते असे कोरलेत की हात लावायचा मोह आवरत नाही.

दोन गोष्टी इतर देवळांहून वेगळ्या. एक, गाभाऱ्यात जायला चढायचं नाही, उतरायचं. विसेक पायऱ्या खाली गेल्यावर शिवलिंग दिसतं. दुसरी, जी त्या पोराला रांगेतूनच दिसली होती. शिखर वर जाता जाता मंडपाच्या उंचीच्या थोडं पुढे अचानक थांबलंय. कुणी म्हणतं ते पूर्ण झालंच नाही, कुणी म्हणतं पूर्ण होतं पण पडलं. अभ्यासकांतही यावर एकमत नाही.

आता तारखेकडे वळू.

उत्तरेच्या दारावरचा आकडा

उत्तरेच्या दाराच्या तुळईवर, आतल्या बाजूला एक शिलालेख आहे. माहीत नसेल तर हजार वेळा त्याखालून जाल आणि कळणार नाही. मी स्वतः लहानपणापासून त्या दारातून ये-जा केली आणि पहिल्यांदा मान वर केली ती तिशी उलटल्यावर. दगडावरची अक्षरं झिजलेली आहेत आणि उजेडही यथातथाच.

लेखात काळ दिलाय शक संवत्सरात. शक म्हणजे आपल्या पंचांगात आजही असतो तोच. त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो (वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९, पण तो तपशील सोडू). या लेखातला शक आहे ९८२. म्हणजे इ.स. १०६०.

मात्र हा आकडा सुरुवातीला असा वाचला गेला नव्हता. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख वाचला तेव्हा त्यांना पहिला अंक ७ वाटला. शक ७८२, म्हणजे इ.स. ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९ आहे असं दाखवून दिलं. एका अंकाने मंदिर दोनशे वर्षांनी तरुण झालं. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेले, त्यांच्यासाठी देशभर फिरून शिलालेखांचे ठसे गोळा करणारे. म्हणजे गुरूची चूक शिष्याने दुरुस्त केली, आणि विद्येच्या क्षेत्रात यात कुणाचा अपमान होत नाही.

झिजलेल्या दगडावर ७ आहे की ९, हे नुसतं भिंगाने बघून ठरत नाही. मग कशाने? इथे ताम्रपट कामाला येतात. ताम्रपट म्हणजे राजाने जमीन दान दिल्याचं तांब्याच्या पत्र्यावरचं बक्षीसपत्र समजा. त्यात राजाचं नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव, तारीख, गाव, चतुःसीमा असं सगळं असतं.

ज्यांनी कधी सातबाऱ्यासाठी तलाठी कार्यालयात हेलपाटे घातलेत त्यांना हे लगेच कळेल. समजा एका फेरफारात तारीख पुसट झालीय, १९४७ की १९६७ कळत नाही. तुम्ही काय करता? आधीचा फेरफार बघता, नंतरचा बघता. आधीच्यात थोरल्या चुलत्यांचं नाव १९५५ ला असेल आणि नंतरच्यात पुतण्याचं १९८० ला, तर मधल्या धाकट्या चुलत्यांची नोंद १९४७ ची असूच शकत नाही.

इथे अगदी तसंच झालं. अंबरनाथच्या लेखात राजाचं नाव आहे मम्मुणी, म्हणजेच माम्वाणी, शिलाहार घराण्यातला. त्याचा थोरला भाऊ छित्तराज याचा ताम्रपट भांडुपला सापडलाय, तो शक ९४८ चा, म्हणजे इ.स. १०२६ चा. मधला भाऊ नागार्जुन. त्याचा मुलगा अनंतदेव, म्हणजे मम्मुणीचा पुतण्या, याचा ताम्रपट खारेपाटणचा, शक १०१६ चा. थोरला भाऊ ९४८ ला, पुतण्या १०१६ ला, मग या दोघांच्या मधे येणारा मम्मुणी ७८२ ला कुठून असेल? ९८२ मात्र बरोबर मध्ये बसतो. त्या दगडावर अंक कितीही झिजला तरी भांडुप आणि खारेपाटणची तांब्याची पानं दुसऱ्या आकड्याला जागा सोडत नाहीत.

हे शिलाहार कोण?

शाळेच्या पुस्तकात सातवाहन, राष्ट्रकूट, यादव एवढे येऊन जातात. शिलाहार राहूनच जातात, आणि कोकणातल्या माणसाला तर याचा राग यायला हवा. नवव्या ते तेराव्या शतकापर्यंत उत्तर कोकण, म्हणजे साधारण आजचा ठाणे, पालघर, मुंबई, रायगड हा पट्टा, या घराण्याकडे होता. ठाण्याचं तेव्हाचं नाव स्थानक, आणि ते त्यांच्या राजधानीचं गाव. घराण्याच्या आणखी दोन शाखा होत्या, एक दक्षिण कोकणात आणि एक कोल्हापुरात. नावापुढे 'महामंडलेश्वर' लावायचे, म्हणजे मांडलिकांतले मोठे. आधी वरचे सम्राट राष्ट्रकूट होते. ते गेल्यावर हे बऱ्यापैकी आपल्या मर्जीने राहू लागले.

ते स्वतःला तगरचे स्वामी म्हणवायचे. तगर म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. आणि आपला मूळ पुरुष म्हणून सांगायचे जीमूतवाहन या विद्याधराला. एका नागाला गरुड खाणार होता, त्याच्या जागी जीमूतवाहन स्वतः शिळेवर जाऊन पडला, अशी ती कथा. शिळेवरचा आहार, म्हणून शिलाहार! पांडवांच्या कथेला हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ज्या राजांच्या तारखा आपण ताम्रपटावरून काढतो, त्याच ताम्रपटांच्या सुरुवातीला ही गरुडाची कथा आहे. एकाच पत्र्यावर दोन्ही नांदतात.

"पण चुना नाही, म्हणजे हेमाडपंतीच ना?"

रांगेतल्या काकांचा हा मुद्दा महाराष्ट्रात नव्वद टक्के लोकांचा असावा. काळा दगड दिसला, चुना दिसला नाही, की हेमाडपंती. शासकीय फलकांवर आणि सहलीच्या पत्रकांतही हाच शब्द.

हेमाद्री पंडित, म्हणजेच हेमाडपंत, हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री. महादेव यादव आणि त्याच्यानंतर रामचंद्र यादव यांच्या दरबारात तो होता. महादेव गादीवर आला तो इ.स. १२६० च्या आसपास. अंबरनाथचं मंदिर १०६० चं. मधे दोनशे वर्षं. म्हणजे आजच्या एखाद्या मंत्र्याने दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला वाडा बांधला असं म्हणण्यासारखं झालं.

आणि चुन्याचं म्हणाल तर दगडावर दगड नुसता बसवून बांधण्याची रीत हेमाद्रीहून कितीतरी जुनी. बदामी, ऐहोळे, पट्टदकल इथली चालुक्यांची देवळं सहाव्या ते आठव्या शतकातली, तीही तशीच उभी आहेत. युक्ती साधी आहे. घरातलं जातं आठवा. वरची तळी खालच्या तळीवर कशाने टिकते? मधल्या खुंट्याने आणि स्वतःच्या वजनाने. देवळातही एका दगडाला खुंटी, दुसऱ्याला खाच, आणि वरून शेकडो मणांचा भार. घुमट करायचा तर प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवायचा, शेवटी मधे राहिलेलं भोक एका दगडाने झाकायचं. चुना हवा कशाला?

हेमाद्रीने देवळं बांधवली नसतील असं नव्हे. यादवकाळात महाराष्ट्रात भरपूर देवळं झाली, त्यांतल्या काहींचं श्रेय त्याला खुशाल द्यावं. अडचण आहे ती त्याचं नाव दगडाच्या रंगाला चिकटवण्यात.

अंबरनाथच्या बाबतीत तर या शब्दाला एक कडवट गंमत आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांचा शेवट केला महादेव यादवाने, इ.स. १२६५ च्या सुमारास. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रात बुडून मेला. आणि ते वर्णन कुणी लिहून ठेवलंय? हेमाद्रीनेच. आपल्या ग्रंथातल्या राजप्रशस्तीत तो लिहितो की महादेवाच्या क्रोधाच्या आगीत सापडण्यापेक्षा सोमेश्वराला समुद्रात बुडणं बरं वाटलं. ज्या घराण्याला बुडवल्याचा आनंद मंत्र्याने श्लोकात मांडला, त्या घराण्याच्या सगळ्यात सुंदर देवळावर आपण त्याच मंत्र्याचं नाव लावतो.

मग या शैलीला म्हणायचं काय?

भूमिज. हा एक शब्द लक्षात ठेवा, लेखात याहून जड शब्द येणार नाही. भूमी म्हणजे इथे मजला. शिखर मजल्यामजल्याने घडत जातं म्हणून भूमिज.

ओळखायची खूण सोपी. शिखराच्या चारही बाजूंना मधोमध एक सपाट कोरीव पट्टा खालून वर गेलेला असतो, साडीच्या पदरासारखा. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी असतात. एकावर एक, वर जाता जाता लहान होत जाणाऱ्या. तुळशीच्या माळा वरून खाली सोडाव्यात तसं दिसतं. अंबरनाथचं शिखर अर्धं असलं तरी या ओळी स्पष्ट कळतात. सिन्नरचं गोंदेश्वर पाहिलं असेल तर तिथे त्या पूर्ण दिसतात. आधी गोंदेश्वर पाहून अंबरनाथला आलात तर उरलेलं शिखर डोळे आपोआप पूर्ण करतात.

भूमिज पद्धतीचं माहेर माळवा. धारचा परमार राजा भोज याच्या नावावर असलेल्या 'समरांगण सूत्रधार' या वास्तुग्रंथात भूमिज देवळांचं वर्णन आहे. मध्य प्रदेशात विदिशाजवळ उदयपूर नावाचं गाव आहे, तिथलं उदयेश्वर मंदिर या शैलीतलं सर्वांत गाजलेलं. त्याचं बांधकाम १०५९ ते १०८० च्या दरम्यानचं, म्हणजे अंबरनाथच्या बरोबरीचं.

माळव्यातली पद्धत कोकणात आली कशी? भोजाने कोकणावर स्वारी केली होती. इ.स. १०२० च्या त्याच्या ताम्रपटात 'कोंकणविजय' साजरा करताना दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. आता भोजाच्या फौजेमागून कारागीर आले की नंतर शिलाहारांनी बोलावले, हे कुठे लिहिलेलं नाही. पण स्वारी १०२० च्या आगेमागे आणि देऊळ १०६० चं, हे अंतर बघा. माळव्याची पद्धत इथे पोचायला एक पिढी लागली असं मला वाटतं. हे माझं मत, शिलालेख नव्हे.

शैली कळली की वय ताडून बघता येतं. लग्नाचा अल्बम उघडलात आणि नवरदेवाची पँट घोट्याजवळ घागऱ्यासारखी पसरलेली दिसली, तर मागे तारीख लिहिलेली नसली तरी तुम्ही म्हणता, सत्तरच्या दशकातला आहे. देवळाचंही तसंच. खांबाचा आकार, जोत्यावरचे थर, कीर्तिमुखांची पट्टी, शिखराची ठेवण, या सगळ्याची फॅशन बदलत गेली. अंबरनाथचे कपडे अकराव्या शतकातले आहेत आणि दारावरची तारीखही अकराव्या शतकातली. दोन वेगळ्या साक्षीदारांनी एकच सांगितलं की काम सोपं होतं.

"कार्बन डेटिंग करून टाका, वादच मिटेल"

हा प्रश्न हल्ली हमखास येतो, कारण बातम्यांमधून हा शब्द कानावर पडून पडून घरचा झालाय.

कार्बन डेटिंग चालतं ते एके काळी जिवंत असलेल्या गोष्टींवर. लाकूड, हाड, कोळसा, धान्य, कापड. झाड किंवा प्राणी जिवंत असताना हवेतला एक विशिष्ट प्रकारचा कार्बन शरीरात घेत राहतो. मेल्यावर घेणं थांबतं आणि साठलेला हळूहळू कमी होत जातो, दर ५,७३० वर्षांनी निम्मा. किती उरलाय ते मोजलं की मेल्याला किती वर्षं झाली ते कळतं.

दगड कधी जिवंतच नव्हता, मग मोजणार काय? बरं, दुसऱ्या पद्धतीने दगडाचं वय काढता येतं, पण ते येईल साधारण साडेसहा कोटी वर्षं. कारण सह्याद्रीचा हा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. तो लाव्हा केव्हा थंड झाला ते कळेल, पाथरवटाने त्यावर छिन्नी केव्हा ठेवली ते नाही. ताज्या गव्हाची पोळी केव्हा लाटली हे विचारावं आणि उत्तरात शेत केव्हा नांगरलं ते मिळावं, तसं. पायाखाली किंवा सांध्यात लाकडाचा, कोळशाचा तुकडा सापडला तर गोष्ट वेगळी. तेव्हाही तो तुकडा बांधकामाच्याच वेळचा आहे हे आधी सिद्ध करावं लागतं.

"देऊळ १०६० चं असेल, पण देव त्याच्या आधीचा असेल ना?"

असू शकतो. या आक्षेपात खरंच दम आहे आणि तो उडवून लावणारे जाणकार मला आवडत नाहीत.

माझ्या ओळखीतल्या एका घरी फ्लॅट २०१५ चा आहे. त्यातला देव्हारा आईच्या लग्नातला. देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण आजीच्या सासूने माहेराहून आणलेला. आता "तुमचं देवघर किती जुनं?" असं विचारलं तर काय सांगाल? तिन्ही उत्तरं खरी, फक्त प्रश्न तीन आहेत.

जागा केव्हापासून पवित्र मानली गेली, लिंगाची पूजा केव्हापासून होते, आणि आज उभी आहे ती इमारत केव्हाची, हे तीन प्रश्न वेगळे ठेवले की निम्मी भांडणं संपतात. शिलालेख आणि शैली यांचं उत्तर फक्त तिसऱ्या प्रश्नापुरतं. मंडपापेक्षा गाभारा इतका खोल का, याचं एक उत्तर असं दिलं जातं की लिंग आधीपासून त्या पातळीवर होतं आणि देऊळ नंतर भोवती उभं राहिलं. ही शक्यता आहे.

इमारतीच्या बाबतीतही एक बारकावा आहे. काही अभ्यासकांच्या मते सुरुवात छित्तराजाने केली आणि मम्मुणीच्या काळात काम पुरं झालं. म्हणजे १०६० हे पायाभरणीचं वर्ष नसून शेवटाकडचं असावं. छित्तराज १०२६ ला राज्य करत होता हे आपण पाहिलंच. तरी मंदिर अकराव्या शतकाच्या बाहेर जात नाही.

मग पांडव आले कुठून?

नाशिकची पांडवलेणी पाहिलीत? चोवीस लेणी, सगळी बौद्ध भिक्खूंसाठी खोदलेली. भिंतींवर सातवाहन आणि क्षहरात राजघराण्यांच्या दानाचे लेख आहेत. पांडवांचा कुठेही पत्ता नाही, तरी नाव पांडवलेणी. असे पांडव महाराष्ट्रात जागोजागी आहेत. लेखांची लिपी वाचणारं कुणी उरलं नाही, बांधणारं घराणं संपलं, आणि गावासमोर एवढी थोरली वास्तू उभी. ती कुणी बांधली या प्रश्नाला काहीतरी उत्तर हवं होतं. माणसाच्या हातून हे होणं शक्य नाही असं वाटलं की पांडव हजर. वनवासात फिरत होतेच, भीम हाताशी होता, दगड उचलायचा प्रश्न नाही.

पण 'एका रात्रीत' आणि 'उजाडलं म्हणून राहिलं' हे मात्र नीट ऐकण्यासारखं आहे. ही कथा जिथे जिथे सांगतात तिथे बहुधा काहीतरी अर्धवट असतं. अंबरनाथला शिखर. म्हणजे कथा रचणाऱ्याने वास्तू बारकाईने पाहिली होती, आणि त्याला पडलेला प्रश्न नातवाला पडला तोच होता: याचं वरचं कुठेय? अभ्यासक आज 'अपूर्ण की पडलेलं' यावर वाद घालतात, लोककथेने आपला कौल 'अपूर्ण' असा केव्हाच देऊन टाकलाय. पुरावा म्हणून त्याची किंमत थोडी, पण गावाच्या आठवणीत ते शिखर कधीच पूर्ण उभं नव्हतं एवढं तरी त्यातून कळतं.

मंदिरातून निघणाऱ्या भुयाराचीही कथा आहे. भुयाराशिवाय आपल्याकडे जुनं देऊळ आणि किल्ला पुरा होत नाही, तेव्हा तिच्यावर जास्त शाई खर्च करत नाही.

अंबर की आंबा?

गाभारा वरून उघडा, अंबर म्हणजे आकाश, म्हणून अंबरनाथ. ऐकायला इतकं गोड की खरं नसलं तर वाईट वाटतं.

शिलालेखात देवाचं नाव अभ्यासकांनी वाचलंय ते 'आम्रनाथ'. आम्र म्हणजे आंबा. आम्रचं अंबर कसं झालं हे कळायला संस्कृत पंडित व्हायला नको, आपलीच मराठी पुरे. 'ताम्र'चं आपण 'तांबं' केलं. 'आम्र'चा 'आंबा' केला. म आणि र जोडून म्हणताना ओठ मिटून उघडतात आणि मधे एक ब आपसूक घुसतो. तोच ब आम्रनाथात घुसला आणि अंबरनाथ झालं. मग नाव असं झाल्यावर कुणाचं तरी लक्ष वर गेलं, आभाळ दिसलं, आणि नवा अर्थ जमून गेला.

युनेस्कोचं काय?

थोडक्यात: युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत अंबरनाथचं शिवमंदिर नाही. महाराष्ट्रातून त्या यादीत अजिंठा, वेरूळ, घारापुरी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दक्षिण मुंबईतल्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारती, पश्चिम घाटाचा भाग, आणि २०२५ साली समाविष्ट झालेले मराठ्यांचे किल्ले आहेत. मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक आहे, आणि ते पुरेसं मोठं बिरूद आहे.

हे सगळं कळून फरक काय पडतो?

पडतो, आणि तो पैशात आणि दगडात पडतो. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगी घेऊनच, असा कायदा आहे. परिसर विकासाचा प्रत्येक घाट, कमान आणि वाहनतळ या वर्तुळांत कुठे पडतो हे नागरिकाने विचारायला हवं. कमान कुठल्या शैलीची करायची इथपासून प्रश्न सुरू होतो. 'हेमाडपंती कमान' असं निविदेत लिहिलं की काय उभं राहील, याची मला धास्ती वाटते.

शेजारची वालधुनी आज नदी म्हणावी अशी उरलेली नाही. वास आधी येतो, पाणी नंतर दिसतं. भिंतींवरची चामुंडा, नर्तक शिव, सुरसुंदऱ्या गेली साडेनऊशे वर्षं ऊनपाऊस सोसत आल्यात. कोकणातला पाऊस म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. त्यात आता रसायनांची हवा आणि लाखो हातांचा घाम. काही मूर्तींचे चेहरे पार गुळगुळीत झालेत. १८६८ साली मुंबई सरकारने या मंदिराची रेखाटनं आणि कोरीवकामाचे साचे करून घेतले होते. तशी बारीक नोंद पुन्हा व्हायला हवी, कारण तेव्हा दिसणाऱ्या काही रेषा आता दगडावर नाहीत.

आणि शेवटचा आक्षेप, जो प्रत्येक महाशिवरात्रीला कुणीतरी काढतंच: एवढा निधी येतोय तर शिखर पूर्ण का करत नाही? कारण मूळ आराखडा कुणाकडे नाही. गोंदेश्वरावरून अंदाज बांधता येईल, पण गोंदेश्वर नंतरचं आणि यादवांच्या मुलखातलं. उदयेश्वरावरून बांधलं तर ते परमारांचं. मजले किती होते, वर आमलक (शिखराच्या माथ्यावरचा आवळ्यासारखा दगड) केवढा होता, कळस कसा होता, यातलं काहीही माहीत नसताना वर चढवलेला दगड शिलाहारांचा होणार नाही. तो आपल्या ठेकेदाराचा होईल, आणि त्याच्या वजनाने खालचे सांधे उकलले तर पुढच्या पिढीकडे आत्ता आहे तेवढंही राहायचं नाही.

त्या दिवशी रांग पुढे सरकली तेव्हा मी त्या नातवाला उत्तरेच्या दारावरची अक्षरं दाखवली. त्याला ती वाचता आली नाहीत, मलाही येत नाहीत. त्याने मोबाईलचा टॉर्च लावायला सांगितला, एक आकडा बोटाने हवेत गिरवला आणि म्हणाला, "हा सात आहे."